प्रल्हादकडचे टॉवेल

राजेहो, मायक्रोफायबरचा टॉवेल पाह्यला आसंन तुमी. नुसता जवळून गेला तरी केस म्हणा, दोरा म्हणा, काडी म्हणा, जे भेटलं ते धरून ठेवते. आमच्या वॉशिंग सेंटरचं बी तसंच हाये. माणसं गाडी धुवून घेतात अन् निघून जातात, किस्सा मात्र इथंच चिकटून राह्यते. आता एवढे चिकटले की झटकावेच लागतात अधूनमधून.

सेंटर आमचं वाशीमले, रिसोड रोडवर. गाड्या मी धुतो. गिऱ्हाईक माझी बायको वंदना सांभाळते, कारण मी बोललो की गिऱ्हाईक जाते, असं तिचं म्हणणं. अन् टॉवेल प्रल्हादकडं.

प्रल्हाद माझा शाळेपासूनचा दोस्त. रिसोड-वाशीम जीप चालवायचा. मागं त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय आला, बोलणं आलं, बोलणं तं जरा जास्तच आलं, पण उजव्या हाताची मूठ काही आवळेना. चहाचा कप धरता येईना, तं स्टिअरिंग काय धरणार? जीप त्यानं आमच्या आवारात आणून लावली, वर ताडपत्री टाकली. हात आला तं जीप चालवायची, नाही आला तं विकायची. एवढा साधा हिशेब होता, अन् तो आमाले सगळ्यायले माहीत होता.

*

डॉक्टरनं त्याले दाबायले रबरी चेंडू देल्ला. त्यानं तो पह्यल्याच दिवशी कुत्र्याले फेकला. "मी काय लेकरू हाओ का?" म्हणे.

मी म्हटलं, चेंडू नको तं नको, टॉवेल धू. ओलं काम, मऊ काम. त्याले वाटलं मी कीव करून राह्यलो. रुसला. मंग वंदनानं त्याले नियम सांगतले. निळे काचेचे, पिवळे बॉडीचे, लाल टायरचे, एकमेकांत मिसळायचे नाहीत. सुती कपड्यासंग धुवायचे नाहीत. थंड पाणी, थोडंसंच लिक्विड, मऊ करायचं ते वासाचं औषध बिलकुल नाही, त्यानं टॉवेल पाणी प्यायचं सोडते. उन्हात नाही, सावलीत वाळवायचे. इस्त्री तं विचारातबी नाही आणायची, वितळते.

प्रल्हादनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणे, "वहिनी, एवढे लाड तं माझ्या लग्नात माझे बी नाही झाले."

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन बसला.

*

मायक्रोफायबर म्हणजे काय, हे मले शेठजीनं शिकवलं. बाजारात त्यायचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. त्याच्या आधी मी जुन्या लुंग्या फाडून गाड्या पुसत होतो. शेठजीचे उपकार हायेत माझ्यावर, मी तोंडावर म्हणत नाही एवढंच.

शेठजीच्या आईले आमी काकी म्हणतो. जैनाच्या घरी पाणी गाळल्याबिगर पीत नाहीत, तुमाले माहीतच हाये. काकीनं दुकानात एवढा मऊ, एवढा दाट कपडा पाह्यला अन् खूश झाली. एक कोरा टॉवेल घरी नेला, चांगला धुतला, हंड्यावर बांधला अन् वरून कळशी ओतली. हंड्यात थेंब नाही. दुसरी कळशी ओतली. थोडं टॉवेलनं पेलं, बाकीचं काठावरून फरशीवर गेलं.

काकीनं शेठजीले दुकानातून बोलावून घेतलं. म्हणे, "बाबू, हे गाळणं नाही. हे बिचारं सोताच तहानलेलं हाये."

*

वंदनाच्या भाचीचं लग्न आमच्याच दारात झालं. आपल्याकडं पाव्हण्यायले टॉवेल-टोपी द्याचीच लागते. मांडवात घाई, सासूबाईनं आतून टॉवेलचा गठ्ठा आणायले सांगतलं, अन् कोणीतरी माझा नवा कोरा पिवळा गठ्ठा आणून देल्ला. मी जेवायले वाढत होतो. मान वर करून पाह्यलं तं सगळे मानाचे पाव्हणे रांगेनं बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर बॉडीचा टॉवेल!

माझा जीव तुटला, पण खांद्यावरून टॉवेल काढून कसा घेणार? प्रल्हाद माझ्या कानाशी येऊन म्हणे, "बोलू नको. सावलीत बसले हायेत, वाळतात बराबर."

आठ दिवसानं नवरदेवाच्या काकाचा फोन आला. मले वाटलं आता मानापानाचं काढते. तं म्हणे आंघोळीले काही कामाचा नाही बापा तुमचा टॉवेल, अंगाले अडकते. "पण म्हैस काय चमकते! अजून एखांदा आसंन तं पाठवा."

पाठवला. म्हशीनं का होईना, कोणीतरी कदर केली.

*

विलास म्हणून एक जण हाये, तलावावर लोकायले मोटरबोटीत फिरवते. वर्षातून एकदा ती बोट ट्रॉलीवर चढवून आमच्याकडं धुवायले आणते. वाशीमच्या रस्त्यानं बोट निघाली म्हणजे लोकं घराबाहेर येतात. पूर आला का, असं विचारणारेबी भेटतात.

बोटीचे टॉवेल आमी वेगळेच ठेवतो. बोटीच्या बुडाले शेवाळ अन् चिकट थर असते, तो टॉवेल चुकून कारवर गेला तं संपलं. प्रल्हाद ते टॉवेल तीन-तीन पाण्यातून काढायचा, डाव्या हातानं, उजवा नुसता बादलीत ठेवून. एक दिवस एक म्हातारा एसटीतून उतरला, काठी टेकून उभा राह्यला, लय वेळ पाहत होता. मंग म्हणे, "हे रोज पाण्यातच राह्यते ना? मंग धुता कायले?"

 

प्रल्हादनं मानबी वर केली नाही. "बाबा, मासोळी बी पाण्यातच राह्यते. धुतल्याबिगर कढईत टाकता का?"

म्हातारा हासत गेला. विलास तवापासून प्रल्हादसाठी मासोळी आणते, धुवून.

*

सोयाबीनच्या दिवसात आमची खरी परीक्षा. आजूबाजूच्या वावरात थ्रेशर सुरू झाले की हवेत नुसतं कुटार, शेंगाचा अन् काड्यायचा भुसा. ते बारीक, टोकदार कुटार टॉवेलात घुसते अन् धुतल्यानंबी निघत नाही. त्या वर्षी वारं फिरलं अन् दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर सगळं येऊन बसलं. आमच्या ध्यानात यायच्या आधी एका डॉक्टरसाहेबाच्या काळ्या गाडीवर टॉवेल फिरला. गाडी काळी, नवी, अन् बोनेटवर हे ओरखडे.

 डॉक्टरसाहेब आले तवा आमी सगळे खाली बसून टॉवेलातलं कुटार वेचत होतो. मी उठलो, सांगतलं, चूक आमची हाये. साहेबानं बोनेटवरून बोट फिरवलं.  मंग त्यायची नजर प्रल्हादवर गेली. तो उजव्या हाताची दोन बोटं कशीबशी जवळ आणत होता, अन् काडी निसटत होती. परत आणत होता, परत निसटत होती.

साहेब त्याच्यासमोर उकिडवे बसले. "गाडी राहू द्या. हात दाखवा," म्हणे.

तिथंच मातीत बसून त्यायनं हात तपासला. बोटं वाकवली, मनगट दाबलं. म्हणे हात येऊ शकते, कवा ते मी सांगत नाही, पण ओलं काम सोडू नका. गाडीचं नावबी काढलं नाही त्यायनं, ना त्या दिवशी ना नंतर. अशी माणसं भेटली म्हणून हे सेंटर उभं हाये, नाही तं माझ्या तोंडानं कवाच बंद पडलं असतं.

प्रल्हाद मात्र त्या दिवसापासून गप्प गप्प राहू लागला. आशा लागली की माणूस घाबरते.

*

मंग एक दिवस त्यानं सोताच ठरवलं. म्हणे जीप उभ्याउभ्या सडून राह्यली, कोणाच्या तरी कामी येऊ दे. मानोऱ्याहून एक माणूस पाहायले येणार होता. मी म्हटलं, थोडं थांब. तो म्हणे, लय थांबलो. वंदनानं त्याच्या बायकोले फोन केला, तं ती बी रडली अन् म्हणे, त्यायले जे वाटते ते करू द्या.

मानोऱ्याचा माणूस सकाळी आला. भला माणूस, जीपच चालवणारा. त्यानं ताडपत्री काढली, इंजिन पाह्यलं, टायरले लाथ मारली. वंदनानं त्याले चहा देल्ला, प्रल्हादच्या हाताचं सांगतलं. प्रल्हाद तिकडं फिरकला नाही. मागं नळावर टॉवेल धूत बसला होता.

मले त्याच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं, म्हणून मी दोरीवरचे टॉवेल काढायले गेलो. तं एक निळा टॉवेल पिळलेला. साधा नाही, सुताच्या दोरीवानी पिळून काढलेला, मधात गाठ पडल्यासारखा. आता मायक्रोफायबर पिळत नसतात राजेहो. तळहातात धरायचा, हळू दाबायचा, पाणी जाऊ द्यायचं. पिळला की त्याचे रेशे मोडतात, मंग तो काचेवर रेघा ओढते. आधीच डोकं फिरलेलं होतं माझं, त्यात हे.

मी वराडलो. कोणं पिळला हा टॉवेल? विलास बोट घेऊन आला होता, तो नाही म्हणे. वंदनाले मी विचारूच शकत नाही, नियम तिचेच. मानोऱ्याचा माणूस कप हातात धरून आमच्याकडं पाहू लागला.

नळापासून प्रल्हाद म्हणे, "म्या."

 वंदना हातातला ट्रे खाली ठेवून त्याच्याकडं गेली.

"भाऊजी, अजून एकडाव पिळून दाखवा बरं," म्हणे.

प्रल्हादनं बादलीत दोन्ही हात घातले. एक टॉवेल काढला अन् पिळला. पाणी त्याच्या पायावर पडलं. दुसरा काढला, पिळला. निळे, पिवळे, लाल, जो हाती येईन तो पिळत गेला अन् मांडीवर टाकत गेला.  मानोऱ्याच्या माणसानं कप ठेवला, जीपवर ताडपत्री परत ओढली, चारी कोपरे नीट बांधले अन् आपल्या मोटरसायकलकडं निघाला.

बादली रिकामी झाली. प्रल्हादनं माझ्याकडं पाह्यलं.

मी आत गेलो, कोरं पाकीट फोडलं अन् सगळे टॉवेल त्याच्यासमोर बादलीत टाकले.