मेंढरांच्या वाटेवरचा बोटीचा थांबा

आमच्या काठावर उभं राहिलं की पलीकडं आक्काच्या गावची पाण्याची टाकी दिसते. मधे माजलगाव धरणाचं पाणी. एसटीनं जायचं तर माजलगावला गाडी बदलून अर्धा दिवस मोडतो. गुडघे धरल्यापासून आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, माहेरी येणंच सोडलं होतं. त्यामुळं काठावरच्या तीन गावांनी मिळून माणसं आणि माल नेणारी बोट सुरू करायचं ठरवलं, तेव्हा चाचणी फेरीला जाणाऱ्यांत मी सगळ्यांच्या आधी नाव दिलं.

बोट दत्ताची. आधी मासेमारीची होती. आता पुढं बाकडी टाकलीत आणि मागं पोत्यांसाठी फळ्या ठोकल्यात. निघतानाच त्यानं सांगून टाकलं, "भाऊ, आज जिथं बोट लागंल आन् पोतं चढंल, तिथंच थांबा. न्हाई लागली तर ते गाव वगळलं. डिझेल काय पाण्यातून निघतंय व्हय?"

आक्काचं गाव शेवटचं. मी मनात नाम घेत बसलो.

कुणाला यायचं असेल तर बीडहून माजलगाव एसटीनं गाठा, पुढं काठापर्यंत काळीपिवळी जीप मिळते. सकाळीच या, दुपारी वारा सुटतो. टोपी आणि खायला काहीतरी बरोबर ठेवा. आमच्याकडं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. काठावर तळलेले मासे मिळतात, पण मी माळकरी, त्यांची चव दुसऱ्या कुणाला विचारा.

मधल्या गावाला बोट सहज लागली. हरभऱ्याची पोती चढली, आणि कोंबडी काखेत धरलेली एक आजी.

"बुडंल का रं ही?"

"आजी, आधी जाकीट घाला, मग इचारा." दत्तानं लाइफ जॅकेट पुढं केलं.

"आन् कोंबडीला?"

सगळी बोट हसली.

आक्काच्या गावचा थांबा आम्ही मोठ्या चिंचेखाली ठरवला होता. ठरवला तेव्हा भादवा होता, धरण भरलेलं, पाणी चिंचेच्या बुडाशी. आता फाल्गुनात चिंच लांब वर राहिली होती आणि मधे नुसता काळा गाळ. दत्तानं बोट रेटून पाहिली. एक गडी खाली उतरला तो मांडीपर्यंत रुतला; दोघांनी ओढून वर घेतला.

"न्हाई जमत भाऊ," दत्ता म्हणाला आणि त्यानं बोटीचं तोंड फिरवलं. माझं मनातलं नाम थांबलं.

तेवढ्यात उजवीकडून हाक आली. "आरं बाळू, तिकडं कावून चाललाव? हिकडं या की!"

आक्का होती. शेजारी पोतं ठेवून अगदी पाण्याच्या कडेला उभी, आणि पायाखाली कोरडी, घट्ट जमीन. गावातली मेंढरं रोज तिथं पाण्यावर येतात. पाणी मागं सरकतं तशी त्यांची वाटही खाली सरकते, आणि खुरांनी गाळ दाबून टणक होतो. दोन्ही बाजूंना गाळपेराची, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात लावलेली टरबुजं होती, ही पट्टी मात्र सगळ्यांनी मोकळी सोडलेली. भादव्यात ही वाट पाण्याखाली होती, म्हणून आमच्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

बोट अलगद लागली. पण मेंढरांचे मालक बिरूमामा काठी टेकून आडवे उभे राहिले.

"ही वाट मेंढरांची हाय. आज बोट आणली, उद्या टेम्पो आणचाल, परवा हाटेल टाकचाल. मग माझी जनावरं कुठं पाणी पित्याल बे?"

मी विचारलं, "मामा, मेंढरं कधी येतात पाण्यावर?"

"उन्ह डोक्यावर आल्यावर."

"मग भांडण कशाचं?" दत्ता पुढं होत म्हणाला. "दुपारी वाऱ्यात मी बोट काढतच न्हाई. मी सकाळी आन् सांजंला. दुपार तुमची."

"आन् टेम्पो?"

"चिंचेखाली थांबंल. पोती डोक्यावरनं येत्याल."

मामांनी पाण्याकडं पाहिलं, मग आक्काकडं. "मला बाजारला मेंढरू न्यायचं म्हणलं तर?"

"तिकीट काढा की मामा!"

मामा हसले. आक्काचं ज्वारीचं पोतं त्यांनीच उचलून फळीवर टाकलं. मी देवाला हात जोडले. आक्का माझ्या खांद्याला धरून बोटीत बसली आणि परतीच्या वाटेवर, "ते बघ आपलं गाव," असं लहान पोरीसारखं सांगत राहिली.

आता माणसाला तीस रुपये, पोत्याला दहा. सकाळी आणि संध्याकाळी फेरी. आमचा थांब्यांचा कागद पुन्हा लिहावा लागला. पावसाळ्यात थांबा चिंचेखाली, पुढं पाणी उतरेल तसा मेंढरांच्या वाटेवर. पाणी हलतं हे काठावर जन्म काढूनही ठरवताना सुचलं नव्हतं, याचं अजून नवल वाटतं.

पूर्वी आक्का आली की शेवटची गाडी चुकेल म्हणून जेवतानाच पिशवी भरायला घ्यायची. काल संध्याकाळी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी म्हणालो, "आक्का, बोट आली."

"येऊ दे," ती म्हणाली. "सकाळी पुना हायच की."