कॉलर जमा आहे

नीला गेल्याचा फोन आमच्या शिवणवर्गाखालच्या कापड-दुकानात आला. वर्गात फोन नाही, त्यामुळे आमची सगळी सुखदुःखं आधी त्या दुकानात उतरतात आणि मग जिना चढून वर येतात. मालक स्वतः वर आले आणि दारातच थांबले. "बाई, अक्कलकोटहून फोन होता. अक्का गेल्या..." मी तेव्हा एका मुलीची चुकलेली बाही उसवत होते. उसवतच राहिले. दोन महिने ती भावाकडे अंथरुणाला खिळून होती, काय होणार ते दिसत होतं. तरी माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता मी भांडू कुणाशी?

सोलापुरात नव्या पेठेतल्या त्या माडीवर आम्ही दोघींनी इतकी वर्षं शिवणकाम शिकवलं ते भांडत भांडतच. ती मुख्य शिक्षिका आणि मी तिच्या हाताखालची, पण हे दोघींनाही फारसं आठवायचं नाही. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि चिडली की वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपायचं. मुली खाली मान घालून हसायच्या. त्या तिला अक्का म्हणत, मी नुसतं नीला. तिला एक खोड होती. कशालाही ‘असं का?’ म्हणून विचारायची आणि कुणी धड उत्तर दिलं नाही, की पिशवी उचलून स्वतः शोधायला निघायची.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वर्गातली पद्मा अर्ध्यावर निघून गेली. तेलुगू विणकरांच्या घरातली सून, हाताची फार चांगली. काज, खिसा, कॉलर, पहिल्या सत्राचं सगळं तिनं पार पाडलं होतं. पण नवऱ्याचा माग बंद पडला आणि मंडळी भिवंडीला गेली. दोनेक वर्षांनी परत आली ती कडेवर मूल घेऊन. बार्शीच्या एका शाळेत शिवणशिक्षिकेची जागा रिकामी होती, शाळा जूनपर्यंत थांबायला तयार होती, फक्त सरकारी परीक्षेचं प्रमाणपत्र हवं होतं. नियम काढून पाहिला. मध्ये खंड पडला तर आधीचं सगळं रद्द, पुन्हा पहिल्या दिवसापासून बसायचं. म्हणजे बार्शीची जागा गेल्यातच जमा.

"अक्का, परत काजापासनं बसावं लागंल व्हय?" पद्मा म्हणाली. "मला येतंय की ते."

नीलानं माझ्याकडे पाहिलं. "कुसुम, हात विसरतो का गं?"

"नियम तसा आहे," मी म्हटलं.

"मी नियम कुटं विचारायलेय? हात विसरतो का, ते सांग की."

मग काय, दुसऱ्या दिवसापासून दुपारी वर्ग सुटला की बाईसाहेब पिशवीत मांजरपाटाचे तुकडे घेऊन निघाल्या. वर्ग सोडून गेलेल्या जुन्या मुली शोधायच्या आणि त्यांना म्हणायचं, एक काज कर, एक कॉलर शिव, शर्टाची पाठ बेतून दाखव. एकदा मीही बरोबर गेले, हिचं काय चाललंय ते पाहायला. ज्या बाईकडे गेलो ती भाकऱ्या थापत होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले आणि कॉलर अशी शिवून दिली, की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. पण पाठ बेतायला सांगितली तर कात्री हातात घेऊन बसून राहिली. "मापं समदी डोक्यातनं गेली बघा, अक्का." घरोघर थोडंफार तसंच. शिवण हातात टिकत होती, मापं आणि बेतणं मात्र उडून जात होतं. परतताना नीला रस्त्याच्या मधोमध थांबली. मागचा टांगेवाला ओरडला तरी तिला भान नाही. "म्हणजे जे राहतं ते जमा धरायचं," ती म्हणाली, "आणि जे जातं तेवढंच परत शिकवायचं. एवढं सोपं हाय हे!"

मला ते अजिबात सोपं वाटलं नाही. मी म्हटलं, शिक्षण म्हणजे काय किराणा आहे, आज पावशेर, उद्या पावशेर? ती म्हणाली, मग सगळं पोतं एकदम उचलता आलं तरच घरी न्यायचं का? आमची मुलींसमोर जुंपली. माझं म्हणणं होतं, की अशानं प्रत्येकीकडे तुकडे तेवढे साठतील आणि अख्खा कपडा एकीलाही यायचा नाही. आजही ते म्हणणं मला अगदीच वेडगळ वाटत नाही. नीलानं ते नाकारलं नाही, उलट तोच तिचा पुढचा प्रश्न झाला... तुकडे जुळतात का?

मुलींचे पास झालेले नमुने ती पहिल्यापासून एका ट्रंकेत ठेवायची, प्रत्येकावर लाल दोऱ्याची एक फुली घालून. आमच्या वर्गात सगळं एकाच मापात शिवत, त्यामुळे कधीची बाही कधीच्याही पाठीला लागली पाहिजे, असा तिचा हिशेब. तिनं पद्माला सरळ दुसऱ्या सत्राला बसवलं. बेतणं पुन्हा शिकवलं, नवी पाठ, पुढचे भाग, नव्या बाह्या करून घेतल्या आणि त्यांना ट्रंकेतली जुनी कॉलर आणि जुना खिसा लावायला सांगितलं. एप्रिलमध्ये परीक्षेआधी तपासणीला पुण्याहून साहेब आले, तेव्हा तो शर्ट त्यांच्यासमोर ठेवला. "पद्माची कॉलर जमा आहे," नीला म्हणाली, "तिला परीक्षेला बसू द्या."

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी शर्ट उलटसुलट पाहिला, घरोघर फिरल्याची हकिकत ऐकली, बेतणं आम्ही जमा धरत नाही म्हटल्यावर त्यांनी मानही हलवली. मग म्हणाले, "बाई, शर्ट नुसता बघायचा नसतो, घालायचा आणि धुवायचा असतो. हा एकदा धुऊन दाखवा." धुतला. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन, साहेबांचं जेवण होईतो गच्चीवर खडखडीत वाळला. खाली आणला तर कॉलर आकसून गळ्याला चुण्याच चुण्या, आणि खिशानं चारी कोपऱ्यांनी तोंड वाकडं केलेलं. पद्मा रडायच्या बेतात. मी जमिनीकडे पाहत होते.

नीला मात्र त्या कॉलरवर वाकून, बोटांनी कापड चाचपत, चक्क खुलली होती. "पाणी!" ती म्हणाली. "कुसुम, पाणी नव्हतं गं त्या वर्षी!" कोरा मांजरपाट धुतला की आकसतो, म्हणून आधी भिजवून, वाळवून मग बेतायचा, हा शिवणकामाचा पहिला धडा. पण दुष्काळात प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथं कापड कोण भिजवणार? त्या साली आम्ही तो तसाच बेतला होता. हे तिला आठवलं नाही, मला आठवलं नाही, आणि ट्रंकेतल्या फुलीला तर ते माहीत असायचं कारणच नव्हतं.

आम्ही बोलत होतो तोवर पद्मानं मूल माझ्या मांडीवर ठेवलं, शर्ट ओढून घेतला आणि कॉलर, खिसा दोन्ही उसवलं. भिजवून ठेवलेल्या कापडातून मी तुकडे कापून दिले. खालून चहा आला, साहेबांनी तो सावकाश घेतला, आणि कप खाली ठेवतात तोवर शर्ट त्यांच्यासमोर होता, नव्या कॉलरीचा.

"म्हणजे जुनी कॉलर बादच झाली की," साहेब म्हणाले.

"कॉलर झाली, साहेब. हात कुटं बाद झाला? तुमी तिला पयल्यापासनं बसवा म्हणायलाव, अन् तिला तुमच्या चहाएवढा बी वेळ लागला न्हाई." नीलाची शुद्ध मराठी केव्हाच पळाली होती.

साहेब हसले. पद्माला ‘खास बाब’ म्हणून परीक्षेला बसू दिलं आणि जूनमध्ये ती बार्शीला रुजू झाली. नियम मात्र जागचा हलला नाही. नीलानं पुढं कितीदा लिहिलं, भेटली, पण दर वेळी उत्तर एकच, विचार चालू आहे. तरी परत येणारी प्रत्येक मुलगी ती दुसऱ्या सत्राला बसवायची आणि तपासणीला येणाऱ्या प्रत्येक साहेबाशी नव्यानं भांडायची. लोक म्हणतात, तिचं स्वतःचं शिक्षण लग्नापायी अर्धवट राहिलं म्हणून तिला एवढं लागायचं. असेलही. मला वाटतं, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, की शिकलेलं जातं कुठं. माझ्या ओळखीत असं वाटणारी दुसरी बाई नाही, आणि म्हणून ती गेल्याचं मला फार, फार वाईट वाटतं.

ती आकसलेली कॉलर तिच्या मशीनजवळच्या खिळ्याला अजून टांगलेली आहे. आता वर्ग माझ्याकडे आहे. वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी सांगितलं, यापुढं नियमाप्रमाणे चाललेलं बरं. मी हो म्हटलं. गेल्या आठवड्यात एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. वर्ष-दीड वर्ष दिसली नव्हती, अंगावर बाळंतपणाचा थकवा होता. तिनं आधी नीलाच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, माझी बाही हाय का अजून?"

मी ट्रंक उघडली. वरून तिसरीच होती, लाल फुली घातलेली. ती उलटी करून मी शिवणीवरून बोट फिरवलं.

"जमा आहे," मी म्हटलं. "बेतणं मात्र पुन्हा करावं लागेल. उद्यापासून ये."

ती जिना उतरून गेल्यावर मी बादली भरली आणि कोरा मांजरपाट भिजत घातला.