अण्णांच्या यंत्राची तार

कारखान्यात तिला सगळे सोल्डरताई म्हणत. रेडिओ असो की गजराचं घड्याळ, सुटलेली तार शेवटी तिच्याच टेबलावर यायची. नव्या बायकांना शिकवताना ती म्हणे, "सोल्डर म्हणजे कथलाची मऊ तार. दोन्ही धातू होते तसेच राहतात, हे मधे वितळून त्यांना धरून ठेवतं. आधी जागा खरवडून स्वच्छ करा. मग सांधा तापवा, नुसतं सोल्डर नव्हे. नाहीतर वरून चिकटल्यासारखं दिसेल आणि हात लागताच सुटेल."

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. अण्णांना ऐकायला कमी यायचं. कानाच्या यंत्राची डबी खिशात आणि तिची तार कानापर्यंत. संध्याकाळी चहा घेताना ती कारखान्यातलं सगळं सांगायची आणि अण्णा मधेच अशी फिरकी घ्यायचे की तिला ठसका लागायचा.

एकदा ती तार डबीपाशीच तुटली. अण्णांनी यंत्र रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

"तुझ्या तर डाव्या हातचा मळ," ते म्हणाले.

"उद्या करून आणते."

दुसऱ्या दिवशी कामाचा रेटा होता. तिसऱ्या दिवशी ती विसरली. दिवसभर लोकांच्या तारा जोडून डोळे इतके चुरचुरत, की घरी पर्स उघडायचंही जिवावर येई. अण्णांनी एक-दोनदा आठवण करून दिली, मग विषयच काढला नाही. ओरडून सांगण्यात गंमत राहीना, म्हणून तिचं बोलणंही आटत गेलं. "जेवायला चला." "गोळी घेतली?" एवढंच. उन्हाळा सरला, थंडी पडली.

पर्सचं अस्तर फाटलं तेव्हा तो रुमाल हाताला लागला आणि ती ओशाळली. जेवणाच्या सुट्टीत तिने तार जोडली. काम चुटकीसरशी झालं.

संध्याकाळी तिने यंत्र अण्णांच्या कानाला लावलं. "येतंय ऐकू?"

"स्वच्छ," अण्णा म्हणाले.

ती पुन्हा भरभरून बोलू लागली. अण्णा हसून मान डोलवायचे, पण फिरकी काही घेत नसत. एकदा टेबलावरची चिंधी पेटली, साहेब बादली घेऊन धावले आणि स्वतःच भिजले, हे ती रंगवून सांगत होती. अण्णांच्या चेहऱ्यावर तेच हसू. सांगता सांगता तिचं लक्ष खिशाकडे गेलं. डबीचं बटण बंद होतं.

अण्णांच्या ते ध्यानात आलं. "रागावू नकोस," ते म्हणाले. "इतके दिवस सगळं शांत होतं. आता नुसता कालवा होतो डोक्यात. तुला वाईट वाटू नये म्हणून घालतो."

"मी तेव्हाच करून द्यायला हवं होतं," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

तिने मान हलवली आणि त्यांच्या कपात चहा ओतला. अण्णा अजून तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून साहेब कसे भिजले ते तिने हातवारे करत पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.