चार बोटं नळी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर लिहिलं ते फक्त दुकानाच्या चिठ्ठ्यांपुरतं. त्यामुळे सावकाश वाचा. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, बहिणीला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच.

कुठून सुरू करू — दोऱ्यापासून करते.

आमचे हे बंदुका दुरुस्त करायचे. आधी एका लहान संस्थानाच्या शिलेखान्यात होते, राजाची हत्यारं सांभाळायला. संस्थान विलीन झालं, शिलेखान्याला कुलूप लागलं, आणि आम्ही दोघं हत्यारांची एक पेटी घेऊन बुऱ्हाणपूरला आलो. माझं माहेर इथलंच, साळ्यांचं. बुधवारा पेठेत एक जागा मिळाली. पुढे दुकान, मागे आमची खोली.

यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. इंचाची पट्टी ते वापरत नसत. कुणाची नळी कापायची असली की गिऱ्हाइकाच्या हातात बंदूक देऊन त्याला उभं करायचे, चालायला लावायचे, आणि मग नळीच्या मुळापासून दोरा धरून जिथे कापायचं तिथे गाठ मारायचे. तो दोरा खिळ्याला टांगायचा आणि त्याला नावाची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी मी लिहायची. "आमच्या घरात चौथी पास आहे," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मला लाज वाटे, आणि बरंही वाटे.

देडतलाईच्या वत्सलाबाई आल्या त्या कापसाच्या दिवसांत. नवरा वारला होता, शेत त्या स्वतः बघत. विलीनीकरणात संस्थानिकांची हत्यारं विकली गेली, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने एक रायफल घेतली होती. ती आता बाईंच्या नावावर आली होती. नळी जवळजवळ तीन वीत. रानडुकरं ज्वारीत शिरत, आणि एवढं वजन घेऊन बांधावरून चालताना बाईंचा खांदा भरून येई.

"मिस्त्रीभाऊ, मला हलकी करून द्या," त्या म्हणाल्या. "माझा मालक पैलवान होता, मी नाही."

भाऊ म्हणाल्या. पहिल्या दिवसापासून भाऊच म्हणाल्या, हे मी लपवत नाही.

यांनी त्यांना दुकानाच्या दारातून आत-बाहेर करायला लावलं. नळी दोनदा चौकटीला आपटली. हे हसले. मग खांद्याला लावून धरायला सांगितलं आणि नळीचं टोक किती वेळाने खाली येतं ते बघत राहिले. किती वेळ बघत होते. मग नळीला दोरा लावून गाठ मारली. मी मागच्या दारात ज्वारी पाखडत होते. बाईंनी माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "काय हो वहिनी, लग्नाच्या वेळी तुमचं पण असंच माप घेतलं होतं का दोऱ्याने?"

हे पुन्हा हसले. त्यात काय होतं? काहीच नव्हतं. साधी थट्टा. पण माझ्याशी लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि मी काही बोलले म्हणून ते असे हसल्याचं मला आठवेना. मला थट्टा करताच येत नाही. माणसं आली की मी सुपात तोंड घालते.

त्यानंतर जेवताना रोज तीच रायफल. अडीच वितीवर गाठ मारली ती बरोबर, की आणखी कमी करायला हवी होती? आखूड केली तर हलकी होईल, झुडपात अडकणार नाही. पण फार आखूड केली तर गोळीचा पल्ला जातो, धक्का वाढतो, तोंडाशी जाळ होतो. "आणि आवाज असा कानावर येतो," ते ताटावर हात ठेवून म्हणाले, "की कानाचा पडदा जाईल. अडीच वीत म्हणजे अडीच वीत. बाईमाणूस आहे, एकटी असते रानात."

कानाचं हे वाक्य मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी असं म्हणू शकले असते की मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. भाकरी वाढता वाढता मी ऐकलं होतं.

एकटी असते रानात — हे त्यांच्या लक्षात होतं. मी मागच्या खोलीत दिवसभर एकटी असते, हे कधी आलं का लक्षात? असा विचार करत मी दोन दिवस काढले. बाई कशा दिसतात, मला विचाराल तर सांगता येणार नाही. फक्त त्यांचा तो मोकळा आवाज आठवे.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे कथील आणायला बाजारात गेले. खिळ्याला दोरे टांगलेले होते. माझ्याच अक्षरात — वत्सलाबाई, देडतलाई.

साळ्याच्या मुलीला गाठ सोडवायला किती वेळ लागतो? माग चालू असताना तुटलेला धागा आम्ही असा जोडतो की कापडात दिसत नाही. मी गाठ सोडली. दोऱ्यावर जिथे मोड पडला होता तिथे भाताची पातळ पेज चोळली, दोन बोटांत धरून ओढला, सरळ केला. मग चार बोटं अलीकडे, नळीच्या मुळाच्या बाजूला, तशीच गाठ मारली. यांच्या हाताची गाठ जरा डावीकडे कलते. मी ती तशीच कलती मारली.

काय वाटलं होतं मला? बाईंना रायफल पसंत पडणार नाही, त्या परत येणार नाहीत, एवढंच — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं ते नाही. त्यांना लागावं असं मला वाटलं होतं. थोडंसं लागावं.

दुसऱ्या दिवशी यांनी नळी शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळली आणि दोरा धरला. दोरा धरून ते थांबले. एकदा नळीकडे, एकदा गाठीकडे पाहिलं. पण त्या दोऱ्यांवर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता, आणि ते टांगलेले असत माझ्या घरात, माझ्या चिठ्ठीखाली. त्यांनी खडूने खूण केली. करवतीने नळी कापायला बराच वेळ लागतो. मी मागे पीठ मळत होते. एक हाक पुरली असती. मी मळत राहिले, इतकं की पीठ सैल झालं.

काम संपल्यावर त्यांनी रायफल हातात तोलली, पुन्हा दोरा लावला. बरोबर गाठीपाशी. मग खाली बसले आणि हळूच म्हणाले, "त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे."

हे ऐकून मला आनंद झाला. लिहायला हात थांबतो, पण झाला. म्हणजे लक्ष दुसरीकडे होतंच, असं मला वाटलं — जणू गाठ खरंच त्यांनी मारली होती.

बाई आल्या तेव्हा यांनी काही लपवलं नाही. चार बोटं जास्त कापली गेली, माझी चूक आहे, म्हणाले. बाईंनी रायफल खांद्याला लावली, दारातून आत-बाहेर केली. कुठे आपटली नाही. "अहो भाऊ, अशीच तर पाहिजे होती," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

दोन महिन्यांनी परत आल्या. पहाटे बांधावर डुक्कर समोर आलं होतं. पहिली गोळी वर गेली, डुक्कर अंगावर आलं, घाईत गाल नळीजवळ नेऊन दुसरी झाडली. डुक्कर पडलं. उजवा कान तेव्हापासून बंद. बोलताना मान वळवून डावा कान पुढे करायच्या. रायफल त्यांनी ठाण्यात जमा करून टाकली होती. रागावल्या नाहीत. पहिल्यासारखी करून मिळेल का, एवढंच विचारायला आल्या होत्या.

कापलेली नळी जोडता येत नाही. हे म्हणाले, "माझ्या हातून बिघडली, तिची किंमत मी भरेन." बाई नको नको म्हणत राहिल्या. यांनी ऐकलं नाही, हप्त्याहप्त्याने द्यायचं ठरवलं.

त्यानंतर यांनी कुणाची नळी कापली नाही. खिळ्यावरचे दोरे काढून चुलीत घातले. कुलपं, शिवणयंत्रं, स्टोव्ह — मिळेल ते करत राहिले. मी विणकरांच्या सुताच्या कांड्या भरून चार पैसे आणायचे आणि त्यांच्या हातात द्यायचे. ते म्हणायचे, "माझ्यापायी तुला किती त्रास." मी पुढची कांडी भरायला घ्यायचे. त्यांच्या मनात असं पक्कं बसलं की एका परक्या बाईकडे बघता बघता आपला हात चुकला. त्यांनी ते मला कधी सांगितलं नाही. पण मी समोर असले की ते नजर खाली घालत. मला हवं होतं की त्यांनी माझ्याकडे बघावं, आणि मी त्यांची नजरच घालवून बसले.

सहा वर्षांनी शेवटचा हप्ता उरला. वत्सलाबाई संक्रांतीला तापीवर अंघोळीला आल्या होत्या, म्हणून आम्ही दोघं राजघाटावर गेलो. हे पायऱ्यांवर थोडे खाली उभे होते. बाई मला म्हणाल्या, "बसा वहिनी." मी बसले. त्यांच्या उजव्या बाजूला बसले.

आणि सांगितलं. गाठ मी सरकवली होती, असं अगदी स्पष्ट सांगितलं. बाई नदीकडे बघत केस पुसत होत्या. माझे ओठ हलताना दिसले असतील, म्हणून त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. "काय म्हणालात?"

मी म्हटलं, "पाणी गार आहे."

"हो, पुष्कळच," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात हे वर आले, रुमाल सोडला आणि नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. बाईंनी त्या मोजल्या नाहीत. पदराच्या टोकात बांधून वर गाठ मारली आणि म्हणाल्या, "फिटलं हो भाऊ सगळं."