व्हायब्राफोन एस.टी.त घालून धुळ्याला

धुळ्याच्या जॅझवाल्या मंडळींचा निरोप आला तेव्हा मी डाळ निवडत होते. त्यांचा व्हायब्राफोन वाजवणारा पुण्याला गेला होता. रविवारच्या कार्यक्रमात वाजवून दाखवा, जमलं तर दर महिन्याला आमच्यातच बसा, असा निरोप.

आमचे हे म्हणाले, "जाऊन ये. नाही जमलं तर खूळ तरी जाईल डोक्यातलं."

ते खूळ घातलं शेजारच्या बैसाणे नानांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले नाना तरुणपणी मुंबईत बँडमध्ये वाजवायचे. आता त्यांची बोटं आखडली, म्हणून त्यांच्याकडच्या व्हायब्राफोनवर मला शिकवलं, आणि धुळ्याला माझं नावही त्यांनीच कळवलं. माझं शिक्षण मॅट्रिक आणि संगीत म्हणजे भजनी मंडळ. व्हायब्राफोन म्हणजे चौकटीवर ओळीने धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या. लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी वाजवायचं. शिलाई मशीनसारखं पायाने दाबलं की सूर लांबतो, पाय सोडला की गप्प.

पिकअपवाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून मी एस.टी.च धरली. धरणगावहून अमळनेरमार्गे गाडी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. व्हायब्राफोन सुटा केला. पट्ट्या गोधडीत गुंडाळून भजनी मंडळातल्या सुशीलाकडे, नळ्या मंडळातल्याच आणखी दोघींकडे, चौकट मी आणि नाना मिळून.

कंडक्टर सगळं सामान बघून म्हणाला, "अक्का, हाई बठ्ठं काय शे? मंडप टाकाले चालन्यात का?"

"वाजंत्री शे भाऊ," सुशीला म्हणाली. "आमनी अक्का धुयाले वाजाडनार शे."

"मंग नवरदेव कोठे शे?" त्याने नानांकडे पाहिलं आणि गाडीभर हशा पिकला. चौकटीचं लगेज मात्र त्याने लावलंच. तुम्ही असं काही नेणार असाल तर ते धरून चाला.

धुळ्याला आधी एकवीरादेवीचं दर्शन घेतलं. मग स्टँडजवळ बाकीच्यांनी शेवभाजी हाणली. तिखट, तर्रीदार, पोटभर. माझी एकादशी, म्हणून घरचे राजगिऱ्याचे लाडू. खर्चही वाचला.

हॉल शाळेचा, प्रवेश फुकट, पंखे चालू. गटाचे प्रमुख देवरे सर सॅक्सोफोन वाजवतात. जॅझचा रिवाज नानांनी घोटून घेतला होता: आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची, मग एकेकाने त्याच चालीच्या चौकटीत आपल्या मनचं, शेवटी पुन्हा सगळे. पट्ट्यांना हात लावून मी देवीचं नाव घेतलं.

चाल नीट गेली. देवरे सरांनी आपलं मनचं वाजवून माझ्याकडे पाहून मान हलवली. मी एक ओळ वाजवली, बरी झाली, आणि थांबले. भजनात तसंच असतं ना! एकीने ओळ टाकायची, मंडळाने उचलायची. इथे कोण उचलणार? ड्रम आणि मोठं उभं व्हायोलिन आपलं चाललेलं, आणि मी काठ्या वर धरून उभी. देवरे सर डोळ्यांनी खुणावत होते, "पुढे, पुढे."

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सुशीलाने ओळ उचलली. शब्द नाहीत, नुसतं ला ला ला. सवयच ती! बाकीच्या दोघी टाळ्यांसकट मागोमाग. हॉल हसला. पण त्या सुरात होत्या, तालातही होत्या. मी दुसरी ओळ टाकली. ती त्यांनी उचलली, देवरे सरांनीही सॅक्सोफोनवर उचलली. तिसऱ्या ओळीला मात्र मी थांबलेच नाही. त्या गात होत्या तोवर मी वरच्या पट्ट्यांवर पोचले होते. तिथून उतरताना एक चुकीची पट्टी लागली. तीच आणखी दोनदा वाजवली, आणि ती चुकीची राहिली नाही. नाना खुर्चीवरून उठून ओरडले, "वा अक्का!"

टाळ्या थांबेनात. देवरे सर माईकवर म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून अक्का आपल्या. येताना कोरस आणायचा."

"आमले बी अर्धंच तिकीट लागस," सुशीला खालून ओरडली.

घरी पोचले तेव्हा हे जेवायचे थांबले होते. "मग?" म्हणाले. "ठेवून घेतलं," मी म्हटलं. सकाळी पाहते तर माजघरातला पलंग भिंतीला सरकवलेला, व्हायब्राफोनपुरती जागा मोकळी.

सहल स्वस्तात झाली. जे मिळालं ते गुरुवारी मंडळात कळलं. पंचवीस वर्षं मी ओळ जशीच्या तशी टाकत आले. त्या दिवशी दुसऱ्या कडव्याला चाल जरा वर नेली, मनाला आली तशी. मंडळ क्षणभर थबकलं, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यामागे वर चढलं.