मंगळवारी, साहेब?

लामिलेच्या आवाजाला मी पहिल्यांदा वैतागलो तेव्हा ती एवढीशी होती. तिची आई कोरकोर माझ्या सुतारखान्याला लागूनच मासे धुरवते. आई भट्टीपाशी आणि पोरगी दारात गिऱ्हाइकांना हाका मारत उभी. हाक अशी, की माझा रंधा जागच्या जागी थांबायचा. मी म्हणायचो, "कोरकोर, या पोरीच्या तोंडाला झाकण लाव." ती म्हणायची, "झाकणं तुझ्याकडे ढीगभर पडलीत ओब्लिते, एखादं बसतंय का बघ."

मी शवपेट्या करतो. ज्याचं आयुष्य ज्यात गेलं त्या आकाराच्या. नाखव्याला होडी, बाजारातल्या बाईला कांदा, मास्तरला पुस्तक. आमच्या किनाऱ्यावर माणूस असाच जातो, त्यात नवल काही नाही.

पुढे लामिले गावच्या रेडिओवर लागली. काम काय, तर सकाळी मयतांच्या बातम्या वाचायच्या. कोण गेलं, पुरणार कधी, जेवण कुठे. दुसरी कुणी असती तर वाचून घरी गेली असती. ही बाई मोजत बसली. एकाच दवाखान्यातून इतकी बाळं का जातात, म्हणून तिथे जाऊन ठाण मांडलं, तर औषधं मागच्या दाराने बाजारात जात होती. ते तिने रेडिओवर सांगितलं. डॉक्टरची बदली झाली आणि हिला चौकीवर बोलावणं आलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, कुणी एक शब्द विचारला नाही. "चहासुद्धा नाही दिला मेल्यांनी," एवढंच ती आल्यावर म्हणाली.

त्यानंतर शाळेचं छप्पर, मग बंदराची जमीन. दर वेळी तिचं काहीतरी गेलं. रेडिओच्या जाहिराती गेल्या, भाड्याचं घर गेलं, आणि नवरा "जरा निवळू दे" म्हणून गावी गेला तो गेलाच. ती आईकडे परत आली. मला तिचा राग यायचा, खरं सांगतो. एवढी हुशार पोरगी, गप्प बसली असती तर सुखात राहिली असती.

मग तेलाचं प्रकरण आलं. होड्यांच्या इंजिनांसाठी सरकार स्वस्तात तेल देतं. आमच्या पोरांना डबाभर मिळेना, रांगेत दिवस जायचा. तेलात कुठेतरी पाणी मुरत होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलणार कोण? लामिलेचा कार्यक्रम मंगळवारी संध्याकाळी असायचा. मंगळवार दर्याचा. त्या दिवशी एकही होडी पाण्यात उतरत नाही, आजोबाच्या आजोबापासून नाही. जाळी शिवायची, भांडणं मिटवायची, रेडिओ ऐकायचा. तिने राजधानीतल्या तेलवाटपाच्या मोठ्या साहेबालाच कार्यक्रमात बोलावलं. साहेब आतल्या मुलखातला, दर्या त्याने गाडीच्या काचेतून पाहिलेला. तो ऐटीत म्हणाला, "तेल मिळत नाही हे साफ खोटं. गेल्या मंगळवारीच तुमच्या शेकडो होड्या तेल भरून समुद्रात गेल्या."

लामिले क्षणभर थांबली. मग अगदी गोड आवाजात तिने विचारलं, "मंगळवारी, साहेब?"

अख्खा किनारा हसला. जाळ्यांवर बसलेली माणसं पोट धरून लोळली. कोरकोर भट्टीपाशी हसता हसता रडायला लागली. साहेबाला कळेना काय झालं, तो आणखी दोनदा मंगळवार म्हणाला. आठवडाभर पोरं एकमेकांना तेच विचारत होती. उधारी कधी देणार? मंगळवारी, साहेब.

हसू फार टिकलं नाही. नंबर नसलेली एक गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहायला लागली. कुणी उतरायचं नाही. रेडिओच्या मालकाला वरून फोन आला, त्याने लामिलेला सांगितलं, एवढा पुढचा मंगळवार कर आणि बास. ती म्हणाली, एक पुरे. चोरलेलं तेल कोणत्या गोदामात जातं आणि गाड्या कुणाच्या, ते तिला कळलं होतं. नावं ती त्याच दिवशी घेणार होती.

शनिवारी माझ्याकडे दोघे आले. बूट चकचकीत. माईकच्या आकाराची पेटी पाहिजे म्हणाले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कोण वारलं? त्यातल्या एकाने बाहेर बघितलं. लामिले आईच्या ओट्यावर बसून तळल्या माशाबरोबर मक्याच्या केंकेचा उकडलेला गोळा खात होती, बोटं मिरचीच्या चटणीने माखलेली.

"उंची तिच्याएवढी धरा," तो म्हणाला.

मी म्हणालो, लाकूड संपलंय.

"येईल लाकूड. घाई नाही. मंगळवारनंतर दिलंत तरी चालेल."

ते गेल्यावर मी तिला आत ओढली आणि सगळं सांगितलं. तिने बोटांची चटणी पुसली. मग म्हणाली, "काका, माईक नीट करता येईल ना तुम्हाला? नाहीतर काठीवर केंके लावल्यासारखा दिसायचा."

"थट्टा पुरे. आज लोमेला मावशीकडे जा. सीमा ओलांडली की सुटलीस."

"बुधवारी जाते."

"मंगळवार कशाला पाहिजे तुला? मरायला?"

"मंगळवारी सगळे घरी असतात, काका. नाहीतर मी बोलून ऐकणार कोण?"

मी तिच्या आईला सांगितलं. आई तिच्यापुढे हात जोडून बसली. पोरगी म्हणाली, बुधवारी, नक्की.

मंगळवारी सकाळी ती रेडिओवर जायला निघाली आणि पोचली नाही. संध्याकाळी तिच्या वेळेला नुसती गाणी लागली. माणसं जाळी हातात धरून ऐकत राहिली, कुणी रेडिओ बंद केला नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी नव्हती. गुरुवारी पोरं किनाऱ्यावरून जाळं ओढत होती, त्यात ती आली.

कोरकोर माझ्याकडे आली. डोळे कोरडे. "माईक कर," म्हणाली.

मी म्हणालो, माझे हात तोडून देतो, पण त्यांनी सांगितलेली वस्तू करणार नाही.

"त्यांची नाही. ती त्यातून बोलायची. मी सांगते म्हणून कर."

केला. माईकच्या तोंडावरच्या जाळीचा एकेक खळगा पटाशीने काढला आणि प्रत्येक खळग्याला त्यांना शिव्या घातल्या.

अंत्यविधीला सगळी वस्ती सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत उभी होती. आमच्याकडे मोठ्या मयताचा विधी रेडिओवरून थेट जातो. मालक घाबरला होता, तरी त्याने रेडिओची गाडी पाठवली. आजच्या दिवस तरी, म्हणाला. तेलाचा तो साहेब फुलांचं चक्र घेऊन आला. रेडिओच्या माईकपुढे कागद उघडून त्याने सरकारचा शोक वाचला. चौकशी पूर्ण झाली आहे, घातपात नाही. मंगळवारी सकाळी ती बातमीसाठी कोळ्यांच्या होडीतून समुद्रात गेली होती, तिथे तोल जाऊन पडली.

त्याने कागदाची घडी घातली. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं.

कोरकोर पेटीपासून उठली आणि साहेबाच्या शेजारी, माईकपाशी जाऊन उभी राहिली. ती लेकीसारखंच थोडं थांबली.

"मंगळवारी, साहेब?"

या वेळी कुणी हसलं नाही. साहेब माईकच्या वायरीकडे बघत होता. ती वायर थेट रेडिओच्या गाडीपर्यंत गेली होती.