म्हशीच्या नावाने लावलेला कौल

मी तोंडाची फटकळ. वाडीत पाणवठ्यावर भांडण लागलं की ते मिटवायला मला हाक मारायचे, आणि कधीकधी वाढवायलाही. अशा बाईला लाज ती कसली, असंच सगळ्यांना वाटायचं. पण एक दिवस आंघोळ करताना डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली आणि माझी वाचाच बसली. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूबाईंना सांगितलं नाही. चोळीच्या गाठी आवळून घेतल्या आणि चुलीपुढे जाऊन बसले. भाकरी करपली तरी कळलं नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई ह्याच दुखण्यानं गेल्या होत्या. त्यांनीही पदराखाली झाकून ठेवलं होतं. कळलं तेव्हा जखम वाहत होती आणि घरातली माणसं नाकाला पदर लावून आत जात होती. त्यांचं सगळं मी केलं. त्यांना पुसताना मनातल्या मनात म्हणायचे, "जिवापरीस लाज मोठी झाली का वो तुमाला?" आणि आता मी तेच करत होते. माझी धाकटी नुकती शाळेत जायला लागली होती. रात्री ती कुशीत शिरली की मी तिला उजवीकडे घ्यायचे, तिचा हात लागू नये म्हणून. लेकरालासुद्धा चोरून राहायचे. काय सांगू, माझीच मला किळस यायची.

तेवढ्यात नर्सबाई घरोघर सांगत आल्या. वेल्ह्याच्या शाळेत पुण्याच्या डॉक्टरीणबाई येणार आहेत, सगळ्या बायांची तपासणी करणार आहेत, काही होत नसलं तरी या. त्या वेळी शाळेच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता, त्यामुळे असल्या तपासणीला गेलं की ऑपरेशनच करतात अशी आवई उठली होती. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. "आमाला काय धाड भरलीय?" म्हणाले. नर्सबाई गेल्या आणि मी न्हाणीत जाऊन गाठ पुन्हा चाचपली.

मग मी आईकडे गेले. आमच्या गावदेवीला आम्ही आईच म्हणतो. अडल्यानडल्याला तिच्यापुढे कौल लावायची आमच्याकडे रीत आहे. गुरवकाका ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण प्रश्न गुरवाला सांगावा लागतो आणि तो देवळात सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारतो. त्या दिवशी शुक्रवार, देऊळ बायकांनी भरलेलं. काकांनी विचारलं, "बोल सूनबाई, काय घालायचं आईच्या कानावर?" मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हशीच्या कासेला गाठ आलीया. डॉक्टरला दावू का नगं?"

कर्म माझं! साक्षात आईपुढे उभं राहून खोटं बोलले, आणि तेही चंद्रीच्या नावानं. आमची चंद्री तेव्हा ताजी व्यालेली, कास अशी की दृष्ट लागावी. काकांनी मात्र मनोभावे हात जोडले, "आई, ह्यांची म्हस तुझं लेकरू हाय, वाट दाव." शब्द संपायच्या आत उजवी कळी पडली. बायका म्हणाल्या, लई लवकर दिला आईनं. मी पाया पडले खरी, पण वर बघायचं धाडस झालं नाही. तिला काय कळत नव्हतं होय कोण म्हैस आणि कोण बाई!

मला वाटलं, विषय संपला. पण काकांना राहवेना. संध्याकाळी ओढ्यावर आमच्या मालकांना गाठून त्यांनी सगळं सांगितलं. मालक घरी आले ते तडक गोठ्यात. कास चाचपली, काही लागलं नाही, पण देवीचा कौल म्हटल्यावर हयगय कशी करणार? मला म्हणाले, "सकाळीच हिला वेल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात न्यायची. तू मागनं हाकायला चल." नाही कशी म्हणू? आणि दिवस कोणता, तर नेमका तपासणीचाच.

पहाटे निघालो. मालक दावं धरून पुढे, मध्ये चंद्री, मागे मी. समोर तोरण्यावर ऊन उतरत होतं. माझ्यापायी त्या मुक्या जिवाला एवढी पायपीट, बिचारी रेडकासाठी सारखी मागे वळून हंबरत होती. वाटेत कितीदा वाटलं की ओरडून खरं सांगावं. पण मालकांशी असलं कधी बोललेच नव्हते. चार लेकरं झाली तरी दिव्याच्या उजेडात त्यांच्यापुढे कधी पदर ढळू दिला नव्हता.

गुरांच्या डॉक्टरांनी चंद्रीची कास नीट तपासली. चारही सडांतून धार काढून बघितली. म्हणाले, "म्हैस ठणठणीत आहे. गाठ कुणी पाहिली?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. भोवती चार गावचे शेतकरी. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मी मान खाली घातली आणि नकळत पदर डाव्या बाजूला घट्ट धरला. तिथेच एक म्हातारी शेळी घेऊन बसली होती. पलीकडच्या गावातली, बौद्ध वस्तीतली. तिनं माझा तो हात पाहिला. बाकी कुणाला काही उमगलं नाही. तिनं शेळीचं दावं सरळ आमच्या मालकांच्या हातात दिलं. "दादा, हिला वाईच धरा. तुमच्या मंडळीला म्या शाळंत घिऊन जाते. मला एकटीला त्या डागदरनीचं भ्या वाटतंय." आणि माझं मनगट धरून चालायला लागली. भीती कसली तिला! मागच्या खेपेला ती तपासून गेली होती, हे तिनं वाटेत सांगितलं. मला म्हणाली, "ढोराच्या नावानं किती दिस काढशील, बाय?" तिथं रस्त्यात मी हमसून हमसून रडले. तिनं आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. आमच्या घरात त्या वेळी तसलं पाणी चालत नसे, ह्याचीही आज लाज वाटते. मी ते गटागटा प्यायले.

शाळेच्या खोलीत दोरीवर लुगडं टाकून आडोसा केला होता, पण ते वाऱ्यानं सारखं उडत होतं. माझे हात चोळीच्या गाठीपाशी थिजले. म्हातारी बाहेरून म्हणाली, "आडोसा म्या धरते. तू सोड." ती दोन्ही हातांनी लुगडं धरून, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत मी चोळी सोडली. डॉक्टरीणबाईंचे हात गार होते. मी आईचं नाव घेत होते, आणि मागत काय होते? तर, आई, तुझ्याशी खोटं बोलले त्याचं माप माझ्या लेकरांच्या पदरात घालू नकोस. जगव, एवढंसुद्धा म्हणायचं धाडस नव्हतं.

बाईंनी सुई घातली. सुईच्या नळीत पिवळसर पाणी आलं आणि गाठ माझ्या देखत बसली. "पाण्याची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "वाईट दिसत नाही. तरी हे पाणी तपासायला नेते. महिन्यानं पुन्हा दाखवा, आणि पुढंही दाखवत राहा." महिन्यानं गेले, तेव्हा चिंतेचं काही नाही असं कळलं. त्या दिवशी मात्र बाहेर आले तेव्हा म्हातारीचा नंबर लागला होता. मी तिच्या पायाला हात लावायला वाकले, तर म्हणाली, "जा, जा, माझी शेळी तिथंच झाडाला बांध आन् मालकाला सोडव." नाव विचारायचंही राहिलं. पुढे तिच्या गावाकडचं कुणी भेटलं की विचारायचे, पण पत्ता लागला नाही.

मालक चिंचेखाली एका हातात म्हैस, एका हातात शेळी धरून उभे होते. शेळी तिथंच बांधली. परतीलाही तेच दावं धरून पुढे चालले. ओढा ओलांडताना, मागे न बघता, हळूच विचारलं, "म्हशीची गाठ गेली का?"

मी म्हटलं, "गेली."

त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले आणि चंद्रीला उगाचच "चल गं" म्हणाले.

मी खोटा प्रश्न नेला तरी आईनं खऱ्याचं उत्तर दिलं, आणि मी पळून जाऊ नये म्हणून पुढं म्हैस बांधून दिली. तिच्यापुढे झाकून काही राहत नाही, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण तिच्यापुढे उघडं व्हायला मला दुसऱ्या बाईचा आडोसा लागला. तिनं तोही धाडला.

पुढच्या शुक्रवारी नारळ घेऊन गेले. गुरवकाकांनी भरल्या देवळात विचारलं, "काय सूनबाई, म्हस बरी हाय न्हवं?" कानशिलं तापली. पण म्हणाले, "म्हस बरीच व्हती, काका. गाठ मला व्हती. हितं, छातीत." काकांनी नारळ फोडला आणि एवढंच म्हणाले, "आईला ठावं व्हतं म्हणायचं."

पायऱ्या उतरताना मागून कुणीतरी पदर ओढला. बघते तर शेजारची. बांधावरून भांडण झाल्यापासून वर्षभर माझ्याशी अबोला धरलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इकडेतिकडे बघत पुटपुटली, "ती डागदरीन परत कवा येनार वो, वैनी?"

मी तिला काही विचारलं नाही. तिचा हात धरला आणि म्हटलं, "मी येते संगं. आडोसा मी धरते."